जड चाकाचे पोवाडे

रोज सकाळी बागेत तीन फेऱ्या मारून झाल्या की आम्ही पाच-सहा निवृत्त माणसं एका कट्ट्यावर बसतो. फेऱ्या हे बसण्याचं निमित्त आहे, ही गोष्ट आता आमच्या घरच्यांपासूनही लपून राहिलेली नाही. कट्ट्यावरचे विषय ठरलेले. गुडघे, पेन्शन, परदेशातली मुलं आणि 'आमच्या वेळी'. पहिल्या तीन विषयांत मी मनापासून भाग घेतो. चौथा निघाला की अलीकडे माझं पित्त खवळतं. आणि त्यातही 'आमच्या वेळच्या गाड्या' निघाल्या, तर उठून आणखी एक फेरी मारावी, इतक्या टोकाच्या विचारापर्यंत मी जातो.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची वयोमर्यादा भरली आणि ती रस्त्यावरून उतरली. नियमानुसार निवृत्त झाली. आमच्यासारखीच. फक्त तिला निरोप आमच्यापेक्षा मोठा मिळाला. पेपरात फोटो आले, लोकांनी डोळे पुसले. तेवढ्यावर थांबलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. फोटो बघून मीही चष्मा पुसला. पण दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर उजव्या हाताची बाही वर सारून म्हणाले,

"ती खरी गाडी! पॉवर स्टिअरिंग नव्हतं. असं दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. तेव्हा कुठे वळायची. आत्ताच्या पोरांना झेपेल का?"

आणि त्यांनी दंडाची बेटकुळी काढून दाखवली. म्हणजे काढली असं त्यांचं म्हणणं. आम्हाला नुसतीच बाही दिसली.

बाकीच्यांना तेवढं निमित्त पुरलं. एकाने ॲम्बॅसिडर महाबळेश्वरपर्यंत एका दमात नेली होती. एकाने लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी दोन गाड्यांच्या मधे आपली गाडी घातली होती आणि बघ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की प्रतापगडाच्या पायथ्यापासून हे सगळे लोक स्टिअरिंग खांद्यावर घेऊनच वर चढले असावेत. हातात डफ तेवढा नव्हता.

या पोवाड्यांविरुद्ध मला आज तोंड उघडायचं आहे. मी स्वतः पंधरा वर्षं तसली गाडी चालवलेली आहे, त्यामुळे मला तो हक्क आहे असं मी समजतो.

१९८१ साली मी एक फियाट घेतली. माझ्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले होते, पण त्या काळी नवीन गाडीसाठी नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची, त्यापेक्षा हे बरं. गाडी नऊशे किलोच्या आसपास. इंजिन पुढे, त्यामुळे पुढच्या चाकांवर ओझं. ती चाकं वळवायची ती माझ्या दोन हातांनी. म्हणून तर तेव्हाची स्टिअरिंगची चाकं परातीएवढी मोठी असत. चाक जितकं मोठं, तितका जोर कमी लागतो. रहाटाचा आणि जात्याचा जो न्याय तोच. शिवाय आतले दातेही असे बेतलेले असत की जोर कमी लागावा. मात्र त्यामुळे फेरे जास्त घ्यावे लागत. पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे जायचं म्हणजे ताक घुसळायला बसल्यासारखं वाटे.

आता हे ताक घुसळणं बाहेरून कसं दिसे ते सांगतो. गाडी बोळातून बाहेर काढायची म्हटलं की मी आधी घड्याळ काढून खिशात ठेवी. मग दोन्ही पाय रोवून, पाठ सीटला टेकवून, दात-ओठ खात चाक खेचू लागे. मुलं मागच्या सीटवर चिडीचूप. आई देवाचं नाव घेई. ही खाली उतरून मागे उभी राही आणि "या... या... या... बास!" म्हणे. यातला 'बास' नेहमी कशावर तरी आपटल्यानंतर का येतो, यावर आमच्यात बरंच काही झालेलं आहे. गाडी सुटली की मी रुमालाने कपाळ पुसत आरशातून सगळ्यांकडे बघे. अफझलखानाची गाठ आटोपून आल्याचं समाधान चेहऱ्यावर असे. ते समाधान खोटं होतं, असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की गाडी आपल्याच घरासमोरून निघाली होती.

माझा पहिला मुद्दा असा. जड स्टिअरिंगचं कौतुक मी आजवर पोटासाठी गाडी चालवणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. रविवारी सहकुटुंब सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्यांच्या तोंडूनच ते ऐकू येतं. ऑफिसच्या कामाला मी मुंबईला जात असे, तेव्हा दादरहून फोर्टला जाताना एका वयस्क टॅक्सीवाल्याला मी विचारलं होतं, "काय हो, हात दुखत नाहीत का दिवसभर?" तो म्हणाला, "हात नाही साहेब, खांदा. रात्री घरी तेल चोळून घेतो तेव्हा झोप लागते." मग सिग्नल सुटला आणि त्याने पुन्हा चाक खेचलं. त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं, तक्रारही नव्हती. डाळ किती रुपये किलो, हे सांगावं तसं त्याने सांगितलं. एस. टी.च्या ड्रायव्हरांनी तर वर्षानुवर्षं भरलेल्या गाड्या नुसत्या हातांच्या जोरावर खंबाटकीच्या आणि वरंध्याच्या वळणांवरून नेल्या. पोवाडाच गायचा तर त्यांचा गावा. पण त्यांना विचारून गावा. ते आधी खांद्याला काय लावायचं ते विचारतील.

पॉवर स्टिअरिंग मुळात सुचलं तेही अशाच मंडळींच्या हालांवरून. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा एक इंजिनिअर पियर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. अवजड ट्रक वळवताना काय यातायात होते ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्याने तेलाच्या दाबाने चाकाला मदत करणारी यंत्रणा तयार केली आणि १९२६ साली ती गाडीत बसवून चालवून दाखवली. मोठ्या कंपनीने आधी उत्साह दाखवला. पुढे मंदी आली आणि खर्च फार म्हणून गुंडाळून ठेवलं. मग ते उघडलं कोणी? लष्कराने! दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना ते बसवलं गेलं. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ते मिळालं ते नंतर, १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत. म्हणजे बघा, अंगावर गोळ्या झेलत जाणाऱ्या सैनिकाला चाक हलकं असल्याची लाज वाटली नाही. लाज वाटते ती मंडईतून दोन किलो बटाटे आणणाऱ्याला.

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते दंड दाखवत नाहीत. त्यांचा मुद्दा जरा वरच्या पट्टीतला असतो. ते म्हणतात, "प्रश्न ताकदीचा नाही हो. प्रश्न संवादाचा आहे. जुन्या स्टिअरिंगमधून रस्ता तुमच्याशी बोलायचा."

यात तथ्य आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो. मधे तेल नाही, मोटर नाही. चाक आणि हात यांचा सरळ संबंध. वाळू लागली की स्टिअरिंग एकदम हलकं लागे आणि आपण सावध होत असू. पुढचं टायर बसायला लागलं तर आधी तळहाताला कळे. वळण संपलं की चाक आपोआप सरळ होत हातातून सरसरत फिरे, ते सुखही मला आठवतं. हल्लीच्या विजेच्या स्टिअरिंगमध्ये यातलं बरंच गाळून येतं. तुम्ही चाकाला किती पीळ दिला ते एक यंत्र मोजतं आणि त्या हिशेबाने मोटर हात लावते. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत हे आलं. आता ते जवळजवळ सगळीकडे आहे.

मान्य. पण प्राध्यापकमहाशय, रस्ता बोलायचा म्हणजे काय बोलायचा, हे तुम्ही सांगत नाही. आमच्याकडचे रस्ते काय शाकुंतल म्हणून दाखवत होते? खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग असा उलटा हिसका मारी की जुने ड्रायव्हर शिकवताना पहिली गोष्ट सांगत, "अंगठा आत अडकवायचा नाही, मोडेल." ज्याच्याशी बोलताना अंगठा सांभाळावा लागतो, त्याच्याशी संवाद थोडा कमी झाला तर माझी हरकत नाही. राहता राहिला प्रश्न, 'पॉवर बंद पडली तर?' तर चाकाचा चाकाशी लोखंडी संबंध शाबूत असतो. गाडी वळते, फक्त फार जड वळते. म्हणजे तुम्हाला हवी होती तशीच!

इथपर्यंत मी चेष्टेने घेत होतो. खरी गोष्ट आता येते.

पोवाड्याचं शेवटचं कडवं ठरलेलं असतं. त्या दिवशीही ते आलंच. बँक मॅनेजर हसून म्हणाले, "म्हणून तर तेव्हा बायका गाडी चालवत नसत. झेपलंच नसतं!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ते वाक्य माझं होतं. शब्दान् शब्द. १९८१ पासून मी ते माझ्या घरात वापरत होतो. गाडी आली तेव्हा हिने एकदा विचारलं होतं, "मी शिकू का?" मी म्हणालो, "अगं, स्टिअरिंग किती जड आहे! तुला नाही जमायचं." आवाजात काळजी होती. काळजीच्या आवाजात सांगितलेली गोष्ट खोटी असली तरी पटकन धकून जाते.

आता जरा विचार करा. माझी आई रोज पहाटे जातं ओढून मोठी झालेली. तिच्या आईने आडाचं पाणी रहाटाने शेंदून सगळ्या घराला पुरवलं. घराघरांत पाटे-वरवंटे चालवले ते कोणी? उखळात मुसळ घातलं ते कोणी? बँक मॅनेजरांनी? ज्या घरात बायका पिढ्यान् पिढ्या दगड फिरवत आल्या, त्याच घरात पुरुष म्हणतो, 'तुला चाक झेपायचं नाही.' आणि जात्याचंच बोलायचं, तर जात्यावर ओव्या होत्या हे खरं. पण त्या जडपणाच्या कौतुकाच्या नव्हत्या. जड काम थोडं हलकं व्हावं म्हणून त्या होत्या. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा 'आता धान्याशी संवाद राहिला नाही' म्हणून कुठली बाई रडल्याचं माझ्या कानावर नाही. डबा घेऊन सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. पॉवर स्टिअरिंग म्हणजे दुसरंतिसरं काही नाही. गिरणी आहे.

शिवाय मोटारीच्या इतिहासात पहिला लांबचा प्रवास केला तोही बाईनेच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझने दोन मुलांना बरोबर घेऊन नवऱ्याने बनवलेली तीन चाकी गाडी मनहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत नेली. शंभर किलोमीटरच्या वर. पॉवर स्टिअरिंग सोडा, त्या गाडीला स्टिअरिंगचं गोल चाकही नव्हतं, नुसता दांडा होता. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिने औषधाच्या दुकानातून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. आणि कुठे जातेय ते तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. कारण सांगतो.

१९८७ साली माझा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. सदरा घालायला मुलगा लागे. गाडी खाली कव्हर घालून उभी. त्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास आईला श्वास घेता येईना. आमच्या बोळात त्या वेळी रिक्षा मिळणं शक्य नव्हतं. मी चावी घेऊन खाली धावलो, गाडीत बसलो, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ही आईला धरून उभी होती. तिने आईला मागच्या सीटवर बसवलं, पुढचं दार उघडलं आणि म्हणाली,

"अहो, सरका जरा."

मी सरकलो. तिने गाडी सुरू केली, स्टिअरिंगजवळची दांडी ओढून गिअर टाकला. मी सवयीने म्हणालो, "आधी चाक पूर्ण वळव, जोर लाव..." तिने चाकाला हातही लावला नाही. गाडी आधी चार बोटं पुढे हलू दिली, आणि हलता हलता चाक फिरवलं. चाक फिरलं. मग थोडी मागे, पुन्हा हलता हलता. दोन खेपांत गाडी बोळाबाहेर होती. कोणी "या, या" म्हटलं नाही. कशावर काही आपटलं नाही.

आई वाचली. पहाटे हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर मी विचारलं, "केव्हा शिकलीस?"

"त्र्याऐंशी साली. दुपारी तुम्ही ऑफिसात असताना. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी अशीच होती. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, उभ्या गाडीत चाक ओढायचं नाही. टायर जमिनीला घासतं, हातही मोडतो. गाडी हलली की निम्मा जोर लागतो. आणि टायरात हवा बघत जा म्हणाले. आपल्या गाडीत नेहमी कमी असते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता."

लायसन्स चार वर्षं रेशनकार्डाच्या पिशवीत होतं. ती पिशवी मी कधी उघडत नसे.

विनोदी लेख इथे संपवायला हरकत नव्हती. पण त्या बाकावर मला आणखी एक गोष्ट आठवली. आदल्या ते आदल्या वर्षी, म्हणजे १९८५ साली, तिचे वडील वाईला आजारी होते. तीन महिने दर शनिवारी ही पहाटे उठून स्वारगेटला जायची, एस. टी.त जागा मिळाली तर बसून, नाही तर उभी, आणि रविवारी रात्री परत. एकदा म्हणाली होती, "गाडी नेली असती तर..." मी म्हणालो होतो, "खंबाटकीत स्टिअरिंग किती जड जातं तुला कल्पना नाही. मला वेळ झाला की मी नेईन." मला दोनदा वेळ झाला. सासरे त्याच पावसाळ्यात गेले. गाडी खाली उभी होती, लायसन्स पिशवीत होतं. मधे होतो तो मी. स्टिअरिंग जड नव्हतं असं नाही. पण जितकं जड होतं त्याच्यावर राहिलेलं वजन माझं होतं.

तेव्हा ती का गप्प राहिली, हे मी अजून विचारलेलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं आपल्याला माहीत असतात म्हणून आपण ते विचारत नाही.

हे सगळं मी कट्ट्यावर सांगितलं नाही. तेवढं धैर्य बागेत येताना बरोबर नसतं. मी एवढंच म्हणालो, की तेव्हा बायका चालवत नसत त्याचं कारण चाक नव्हतं. चावी कोणाच्या खिशात होती, ते होतं. बँक मॅनेजर म्हणाले, "तुमचं आपलं काहीतरीच." प्राध्यापक म्हणाले, "मुद्दा समाजशास्त्रीय आहे." मग चहा आला.

ती फियाट १९९६ साली गेली. आता आमच्याकडे एक छोटी गाडी आहे, विजेच्या स्टिअरिंगची. ती हीच चालवते. माझ्या डोळ्यांत मोतिबिंदू, आणि खरं सांगायचं तर मला बाजूला बसायची सवय लागली आहे. हिच्या मनगटांत आता संधिवात आहे. भाकरी थापायची सोडून तिला काही वर्षं झाली. जुनं चाक असतं तर गाडीही तेव्हाच सुटली असती. पण हे चाक दोन बोटांनी फिरतं, म्हणून पंच्याहत्तरीला आली तरी ती भाचीकडे, डॉक्टरकडे, वाईला भावाकडे आपली आपण जाते. जुनं चाक बरं होतं असं तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही.

परवा पाऊस आला म्हणून ती मला न्यायला बागेपाशी आली. फाटकासमोर दोन गाड्यांच्या मधे हातभर जागा होती. तिने गाडी हलता हलता वळवली आणि आत घातली. आमचा अख्खा कट्टा छत्र्यांखालून बघत होता. बँक मॅनेजर म्हणाले,

"पॉवर स्टिअरिंग आहे म्हणून जमतं हो!"

"म्हणूनच," मी म्हणालो, आणि दार उघडून बाजूच्या सीटवर जाऊन बसलो.